न सापडलेलं हाड

कोळपे वस्तीवर मी पहिल्यांदा गेले तेव्हा स्कूटीवरून खाली उतरू शकले नव्हते. चार बाजूंनी चार कुत्री, आणि समोर ओट्यावर एक म्हातारा निवांत तंबाखू मळत बसलेला. मी आरोग्यसेविका. माझं गाव केडगाव, दौंड तालुका. नोकरी शिरूर तालुक्यात, कारेगावच्या पलीकडच्या वस्त्यांवर. बाळंतिणी, लसी, बीपीच्या गोळ्या, सगळं जमतं मला. कुत्री जमत नाहीत. लहानपणी स्टेशनाजवळ एकानं माझी पोटरी धरली होती, तेव्हापासून कुत्रं दिसलं की तीच पोटरी आपोआप दुखायला लागते.

"बाई, गाडी बंद करा," म्हातारा म्हणाला. "तुमच्यावर न्हाईत भुकत ती. चाकावर भुकत्यात. चाकाला दुसऱ्या वस्तीवरचं कुत्रं मुतलेलं अस्तंय, त्यो वास येतो त्यास्नी."

मी गाडी बंद केली. कुत्र्यांनी चाकं हुंगली आणि ती आपापल्या सावलीत जाऊन पडली. मला मात्र म्हाताऱ्याचाच राग आला, कारण हे तो पाच मिनिटं आधी सांगू शकला असता.

ते रखमाजी कोळपे. वस्ती त्यांना आबा म्हणते, मीही म्हणू लागले. त्यांचे बाप-आजे मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचे. कालव्याला पाणी आलं तसा कांदा आला, ऊस आला, मेंढरं गेली. कुत्री तेवढी राहिली. बायको वारलेली. मुलगा शंभू ट्रेलरवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सून पूनम रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला. त्यामुळे दिवसभर घरात आबा आणि त्यांचा कुत्रा, एवढेच.

कुत्र्याचं नाव मेंबर. का, तर तो रोज सकाळी वस्तीतल्या प्रत्येक घरात जाऊन चुलीपर्यंत डोकावून यायचा, काम कोणाचं करायचा नाही आणि जेवणाच्या वेळी न चुकता हजर. हे नाव आबांनीच ठेवलेलं. गावातल्या खऱ्या मेंबरला ते कळल्यावर तो वर्षभर आबांशी बोलला नव्हता.

मेंबरच्या तऱ्हा आबा मला शाळामास्तराच्या उत्साहानं समजावून सांगायचे. बसण्याआधी तो जागच्या जागी तीन गिरक्या घ्यायचा, मग बसायचा. शेणानं सारवलेल्या अंगणातही आधी गवत दाबल्यासारखं करायचा. भाकरीचा पहिला तुकडा कधी खायचा नाही. लिंबाच्या बुडाशी नेऊन पुरायचा आणि विसरून जायचा. आबांची डावीच चप्पल त्याला उशाला लागायची, उजवी नाही. तीन वाजता कंपनीचा भोंगा झाला की मान वर करून तोही सूर लावायचा आणि झाल्यावर आपण काय केलं म्हणून इकडेतिकडे बघायचा. रागावलं तर भिंतीकडं तोंड करून पाठमोरा बसायचा.

"कुत्रं जांभई देतंय ना बाई, ते झोप आली म्हणून न्हाई. भ्यालेलं अस्तंय," आबा सांगायचे. "तुमी आल्यावर मेंबर जांभया देतो बगा. तुमी त्याला भ्येता, त्यो तुमाला भ्येतो."

हे ऐकून मला बरं वाटलं होतं, कबूल करते. निदान एका कुत्र्याला तरी माझी भीती होती.

आबांची पंचक्रोशीत खरी ओळख मात्र हाडं काढणारा म्हणून. नगर रोडला धाब्यांची आणि चिकनच्या गाड्यांची कमी नाही. कुत्री ती उष्टी हाडं खातात, हाड चिरफळतं आणि घशात आडवं बसतं. मग लोक कुत्रं पोत्यात घालून आबांकडे आणायचे. ते कुत्र्याचा वरचा ओठ त्याच्याच दातांवर दाबून धरायचे, म्हणजे चावलं तर ते स्वतःलाच चावेल, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं जिभेवरून आत. मेंढरांमागं फिरताना शिकलेली विद्या. चाळीस-पन्नास वर्षांत शेकडो कुत्र्यांच्या घशात त्यांनी हात घातला असेल. एकही त्यांना चावलेलं नाही, हा त्यांचा मोठा तोरा.

फेब्रुवारीतला मंगळवार होता, कांदा काढणीचे दिवस. दुपारी एकच्या सुमाराला मी बीपी तपासायला गेले तर आबा ओट्याच्या कडेला बसून उजवा हात धोतराला पुसत होते. मनगटापर्यंत लाळ. मेंबर लिंबाखाली पडला होता. तोंड उघडं, खालचा जबडा लोंबता, त्यातून लाळेच्या तारा.

"हाड अडाकलंय," आबा म्हणाले. "हुडकलं, पण सापडंना. खाली उतारलं आसंल."

मला किळस आली. म्हटलं, आबा, आधी हात धुवा, मग बीपी. ते नको म्हणाले तर मी स्वतः साबण आणला, हापशावर त्यांचा हात धरला आणि घासघासून धुतला. कांदा कापून त्यांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, साबण झोंबला म्हणून ते कुरकुरले. मग मी बीपी घेतलं, गोळ्या दिल्या, निघाले. स्कूटी सुरू केली तरी मेंबर जागचा हलला नाही, आणि मी मनात म्हटलं, चला, अखेर यानं मला ओळखलं.

आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर रेबीजचा तक्ता आहे. मी रोज त्याच्याखाली बसून डबा खाते. पिसाळलेलं कुत्रं दोन तऱ्हेचं असतं, एक चवताळून धावतं, दुसरं मुकं पडून राहतं आणि त्याचा जबडा लुळा पडतो, हे त्यावर चित्रासकट लिहिलंय. शिकलेली बाई मी, सरकारचा पगार घेते. मला ते आठवलं नाही. पळत नाही, भुंकत नाही, अंगावर येत नाही, एवढं बघून मी खूश झाले. आजही याची मला लाज वाटते.

शुक्रवारी सकाळी आबा स्वतः चालत उपकेंद्रात आले. कधी न येणारा माणूस. बाकावर टेकले आणि म्हणाले, "बाई, मेंबर गिरकी न घेता बसला."

मी हसले. म्हटलं, म्हातारा झाला तो आता, दमला असेल.

"परवापासनं," ते म्हणाले. "गिरकीच न्हाई. नुसता पडतो धपकन. भाकरीचा तुकडा तोंडात धरला आन् पुरायला गेलाच न्हाई, तसाच गळाला. चपलीला शिवला न्हाई. भोंगा झाला तवा मान वर केली, पन आवाज फाटका, दुसऱ्याच कुत्र्याचा वाटला. पानी ठिवलं. तोंड बुडवून जीब हलवत हुता, पन पानी काय कमी हुईना."

माझं हसू कधी थांबलं मला कळलं नाही. मी मान वळवून भिंतीवरचा तक्ता पाहिला. चित्रातल्या कुत्र्याचा जबडा लोंबत होता.

"आता कुठं आहे तो?"

"गेला. सकाळच्याला. खोल खड्डा काढून पुरला."

 मी त्यांचा उजवा हात उचलून पाहिला. चिरा अजून तशाच होत्या. मी विचारलं, आणखी कोणी त्याच्या तोंडाला हात लावला होता का, कोणाला लाळ लागली का.

"न्हाई," आबा म्हणाले. "म्या एकट्यानंच."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. हा रोग एकदा अंगात उठला की त्यावर औषध नाही, पण उठायच्या आत सुया घेतल्या तर माणूस वाचतो. आता पोटात चौदा सुया नसतात, दंडात घेतात. आणि हाताला चिरा आहेत म्हणून तिथं वेगळं सीरम टोचावं लागेल, त्यासाठी पुण्याला जायचं. ते ऐकून घेत होते, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

"मला ठावं हाय त्यो रोग," ते म्हणाले. "भिवाजी म्हणून माझा चुलता. म्या बारा वर्सांचा आसंन. कोकनातनं परत येताना घाटाखाली त्याला पिसाळलेलं चावलं. म्हैना-दीड म्हैना काय न्हाई. मग एक दिस पान्याचा तांब्या तोंडाला लावला आन् फेकून दिला. वारं लागलं तरी वरडायचा. आमच्याच मान्सांनी त्याला जांभळीला बांधला. भाकरी लांबनं टाकायची. एकएकाला नाव घिऊन हाका मारत हुता. मला बी मारल्या. म्या गेलो न्हाई."

बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला. ते उठून दारापर्यंत गेले आणि परत येऊन बाकावर बसले.

"सुई घेतो," मग म्हणाले. "पन घरात कळता कामा न्हाई. कळलं की मला बगत्याल. म्या कसा जेवतो, कसा पितो, बगत बसत्याल. झाकली मूठ ऱ्हाऊ द्या बाई. न्हाईतर मला सुई नगं."

इथं मी चुकले. नियम सांगतो की घरातल्या सगळ्यांना विचारायचं, एकेकाला. मला वाटलं, आधी हा माणूस सुईपर्यंत तर पोचू दे, बाकीचं नंतर. मी हो म्हटलं. डोळे तपासायला नेते असं पूनमला फोनवर सांगितलं, आणि त्याच दिवशी आबांना पहिली सुई आणि पुण्याच्या सरकारी दवाखान्यात सीरम मिळालं. चिरांमध्ये सीरम टोचताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांना सांगून मी वस्तीतल्या कुत्र्यांना लशी टोचून घेतल्या. कोणाकोणाला लाळ लागली, हे मात्र मी वस्तीत विचारलं नाही. विचारलं असतं तर मूठ उघडली असती.

सोमवारी दुसरी सुई. पुढच्या शुक्रवारी तिसरी होती. मी सकाळी दहाला त्यांना स्कूटीवर मागं बसवलं आणि शिरूरकडे निघाले. आबा एरवी मागं बसून रस्ताभर कुत्र्यांच्या टवाळ्या करायचे. त्या दिवशी एकाही कुत्र्याचं नाव नाही. कालव्याचा पूल ओलांडला आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाई, पूनमनं सकाळी चा घेतला न्हाई."

मी म्हटलं, मग?

"डोकं दुखतंय म्हनली. अंग तापलंय. दार लोटून अंधारात पडलीय, उजेड सोसंना म्हनली. डूटीला न्हाई जायची."

मी स्कूटी बाजूला घेतली. त्यांचा हात माझ्या खांद्यावर तसाच होता.

"आबा, तुम्ही मला हे का सांगताय?"

"तिनं जबडा धरला हुता," ते म्हणाले. "मंगळवारी. म्या हाड हुडकत हुतो, मेंबरचा जबडा लुळा पडून सारखा हलत हुता, तर तिनं दोनी हातानं धरला. त्या हप्त्यात तिची दुपारची पाळी हुती, तुमी यायच्या आदी ती डूटीचं आवराया आत गेली हुती."

पूनमच्या हातांना पत्र्याचे काप असतात. कंपनीत पातळ हातमोजे देतात, ते दोन दिवसांत फाटतात. तिच्या बोटांना मीच कितीदा पट्ट्या चिकटवल्यात. मी भर रस्त्यात त्या म्हाताऱ्यावर ओरडले. काय बोलले ते लिहीत नाही. दहा दिवस गेले होते. आठवडाभर हा माणूस स्वतः सुया घेत होता, त्याच घरात तिच्या हातची भाकरी खात होता आणि मूग गिळून बसला होता.

"सांगितलं आस्तं तर ती म्हनाली आस्ती, तुमाला कसं कळलं," ते म्हणाले. "मग माझं बी कळलं आस्तं." एवढंच. मूठ झाकायला मीही मदत केली होती.

आम्ही मागं फिरलो. एवढ्या लवकर रोग उठणं कठीण, हे मला पाठ होतं. कठीण म्हणजे अशक्य नाही, हेही पाठ होतं. दोन किलोमीटरच्या रस्त्यावर मी ही दोनच वाक्यं मनात फिरवत होते.

पूनमच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आबा अंगणातच थांबले. मी माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि उंबऱ्यावर गेले, आणि खरं सांगायचं तर तिथंच अडकले. आत अंधारात ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी तिचं नाव घेतलं. ती वळली, डोळ्यांवर हात धरून. 

"पूनम, जरा पाणी पी."

"का वो ताई?"

"पी आधी."

ती उठून बसली. पेला घेतला. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. तिनं एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि सगळा पेला रिकामा करून माझ्या हातात दिला. मी उंबऱ्यावरच बसले.

"उन्हात कांदा काढला काल, त्यानं डोकं धरलंय," ती म्हणाली. "तुमी आशा का बसल्या?"

मी सांगितलं. काही वगळलं नाही, माझंही नाही. ती ऐकताना आपल्या बोटांवरच्या पट्ट्या एकेक करून बघत होती. मग उठली, दारात आली. सासऱ्याला ती मामा म्हणते.

"मामा, तुमी सुया घेतल्या?"

"व्हय," अंगणातून आबा म्हणाले.

"किती?"

"दोन झाल्या. आज तिसरी."

"आन् माझी?"

  पूनम आत गेली, पदर डोक्याला गुंडाळला, चपला घातल्या आणि येऊन माझ्या स्कूटीवर बसली. तिची पहिली सुई आणि आबांची तिसरी एकाच दिवशी झाली, पण एकाच गाडीवर नाही. आबा मागून एसटीनं आले.

पूनमला पुण्याला नेऊन सीरम दिलं, पुढच्या सुयाही वेळेवर झाल्या. ताप उन्हाचाच होता, दोन दिवसांत उतरला. मी दोघांना बसवून सांगितलं की सुया पूर्ण झाल्या, आता भिण्याचं कारण नाही. त्यांनी मान डोलावली. मीही माझ्याच बोलण्याला मान डोलावली. तरी केडगावला घरी गेले की आईनं पाण्याचा तांब्या पुढं केल्यावर मला तो अंधारा उंबरा आठवायचा आणि घोट घेताना मी माझ्या घशावर हात ठेवायचे.

पूनम सासऱ्याशी बोलेनाशी झाली. भाकरी ताटात वाढायची, औषधाची गोळी पुढं ठेवायची, तोंडातून शब्द नाही. शंभू आला तेव्हा त्यालाही तिनं एवढंच सांगितलं की कुत्रं पिसाळलं होतं, आम्ही दोघांनी सुया घेतल्या. सासऱ्यानं लपवून ठेवल्याचं तिनं त्यात घातलं नाही.

पण रोज सकाळी कंपनीची बस यायच्या आधी ती पाण्याचे दोन पेले भरून ओट्यावर ठेवायची. एक आबांपुढं, एक स्वतःपुढं. मग दोघं समोरासमोर बसून पाणी प्यायची. आबा तिच्या गळ्याकडे बघायचे, ती त्यांच्या. दोन्ही पेले रिकामे झाले की ती उठून बसला जायची. हे कोणी ठरवलं होतं, कसं सुरू झालं, मला माहीत नाही. मी दोनदा-तीनदा पाहिलं आणि दर वेळी मला तिथून लवकर निघावंसं वाटलं. आबांना माणसांकडे असं निरखून पाहताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. हाडं काढायलाही आता ते नकार द्यायचे. कोणी कुत्रं घेऊन आलं की घरात जाऊन कडी लावून घ्यायचे.

मेच्या पहिल्या आठवड्यात मी सकाळी सातला गेले. दोघं ओट्यावर होती. पेले हातात होते. आबांनी आपला संपवला. पूनम अर्धा पेला प्यायली आणि अचानक तिचा घसा आवळला. डोळे बाहेर आले, पाणी नाकातोंडातून उडालं, पेला ओट्यावरून खाली पडून गडगडत गेला. ती छातीवर हात धरून वाकली आणि तिच्या घशातून श्वासाचा एक विचित्र आवाज आला.

मी अंगणात होते, दहा पावलांवर. मी नर्स आहे आणि मी पुढं झाले नाही. आबा उठले.  त्यांनी एकदा मागं पाहिलं, दाराकडे. आणि मग ते पुढं झाले, गुडघ्यांवर बसले, एका हातानं तिचं कपाळ धरलं आणि दुसऱ्यानं तिची पाठ थोपटायला लागले. तिची लाळ, पाणी, सगळं त्यांच्या हातावर येत होतं. त्यांनी हात काढला नाही.

हळूहळू तिचा श्वास सुरळीत झाला. खोकला थांबला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सासऱ्याकडे पाहिलं.

"ठसका हाय मामा," ती म्हणाली. अडीच-तीन महिन्यांत पहिल्यांदा. "नुसता ठसका."

आबांनी खाली पडलेला पेला उचलला, तसाच माती लागलेला, माठात बुडवला आणि तिच्यापुढं धरला. 

"परत पी," ते म्हणाले.

पूनमनं त्यांच्या हाताखाली आपला हात लावून पेला धरला. मान वर केली, आणि त्यांना दिसेल असा सावकाश एक घोट गिळला.